बांगडीतल्या पिना आणि हवेचं जॅकेट

मला पाण्याची भीती वाटते, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे वाचताना कोणी म्हणायला नको, की बाई मोठी धीट हो! धीट वगैरे काही नाही. साठी ओलांडल्यावर मी समुद्राखाली जायला शिकले, ते केवळ गुडघ्यांमुळे.

झालं असं, की गुडघे धरायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले, पोहा. आमच्या बिबवेवाडीच्या तलावात बायकांची वेगळी बॅच असते, तिथे शिकले. पोहते म्हणजे काय, बुडत नाही इतकंच. मग आमची मुलगी, ती खराडीला कंपनीत आहे, मैत्रिणींबरोबर कोकणात जाऊन स्कूबा करून आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "आई, खाली अंगाला वजनच लागत नाही गं."

"मग मला ने की," मी म्हटलं. मी गमतीत म्हटलं होतं, तिने खरं धरलं. डॉक्टरांचा दाखला आणवला, कोर्सला नाव घातलं, आणि मागच्या हिवाळ्यात मला मालवणच्या समुद्रात नेऊन सोडलं.

खाली गेले, आणि वाळूवर चक्क गुडघे टेकून बसले. आता ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांना यात काय ते कळायचं नाही. देवापुढे मला खुर्ची लागते. ओट्याखालचा डबा काढायचा तर ह्यांना हाक मारावी लागते. तिथे मात्र मी बसले, उठले, पुन्हा बसले, आणि काही म्हणजे काही दुखलं नाही. शेजारून एक पिवळा मासा गेला, तोही माझ्याकडे बघायला थांबला नाही. एवढं सुख मला फार दिवसांत मिळालं नव्हतं.

आणि मग वर आल्यावर सगळं बिघडलं.

इथे त्या जॅकेटाबद्दल सांगायला हवं. त्याला सगळे बीसीडी म्हणतात, मी जॅकेटच म्हणते. बिनबाह्यांचं, जाड कापडाचं, आतून फुग्यासारखं. पाठीवरची हवेची टाकी त्यालाच बांधलेली असते, तिची श्वासाची नळी खाली जाताना तोंडात धरायची. डाव्या खांद्यावरून जॅकेटाची वेगळी नळी पुढे येते, तिच्या टोकाला दोन बटणं. एक दाबलं की टाकीतली हवा जॅकेटात भरते आणि आपण तरंगतो, दुसरं दाबलं की हवा निघून जाते आणि आपण खाली. खाली जाता यावं म्हणून शिशाची वजनं वेगळी बांधतात.

तर मालवणला वर आले तेव्हा लाटा होत्या. एक तोंडावर आली. मी घाबरून भरायचं बटण दाबलं. दुसरी आली, पुन्हा दाबलं. जॅकेट फुगत गेलं, फुगत गेलं, आणि छातीवर कोणी येऊन बसावं तसं झालं. श्वास आत जाईना. समोर उघडं आकाश, तोंड पाण्याच्या वर, आणि श्वास आत जाईना. "काढा! काढा हे!" असं ओरडले, की शेजारच्या बोटीवरची माणसं उठून बघायला लागली.

घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "आई, ते भाड्याचं होतं, तुझ्या मापाचं नव्हतं. स्वतःचं घेऊ. जानेवारीत परत जाऊ." मी हो म्हटलं. पण त्यानंतर ब्लाउजचे हुक लावताना छाती आवळली तरी मी हुक सोडून द्यायचे. मला परत त्या वाळूवर बसायचं होतं, आणि परत ते छातीवर यायला नको होतं. दोन्ही कसं जमावं?

माझ्या मनाने उत्तर काढलं, सैल घ्यायचं.

तसं पाहिलं तर आमच्या घरात मापाचं कधी काही घेतलंच नाही. मुलीचे फ्रॉक पुढच्या दोन दिवाळ्या निघतील असे. ह्यांचा स्वेटर आत आणखी एक स्वेटर मावेल असा. रेनकोट तर दोघांत एक, ह्यांना घोट्यापर्यंत, मला जमिनीपर्यंत. दुकानदाराने "बरोबर बसतंय" म्हटलं की आपण लगेच "एक नंबर मोठा दाखवा" म्हणायचं, हीच आमची रीत.

स्कूबाचं सामान विकणारे एक गृहस्थ बंगल्याच्या तळमजल्यावर बसतात. बोलणं अस्सल पुणेरी. मी आणि हे गेलो, तर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

एक जॅकेट काढून दिलं. घातलं, पट्टे लावले. अंगाला असं धरून बसलं की मी लगेच पट्टे सोडले. म्हटलं, "मोठं दाखवा."

"हेच तुमचं माप आहे."

"तरी दाखवा ना. आणि पुढचंही दाखवा."

पुढचं घातलं. आत माझ्यासारखी आणखी अर्धी बाई मावली असती. श्वास कसा मोकळा झाला! म्हटलं, "हे द्या."

"हा तुमच्या मिस्टरांचा साइझ आहे," ते म्हणाले. "ते उतरणार आहेत का पाण्यात?"

"मी अंघोळीलाही कमी पाणी घेतो," हे म्हणाले.

"मग बाई, ऐका. पाण्यात सैल जॅकेट वर सरकतं. तुम्ही खाली राहता, ते कानाशी येतं."

"पट्टे आवळीन की."

"आवळायला पट्टे आहेत, कापड कमी करायला नाहीत." त्यांनी खांदे उडवले. "घालणार तुम्ही. मी विकणार. माझं काय जातंय?"

तेवढ्यात मुलीचा फोन आला. ती मीटिंगच्या मधूनच बोलत होती. "आई, स्नग हवं हं. एकदम स्नग, अंगाला घट्ट!"

"हो गं, स्नगच आहे," मी म्हटलं, आणि जॅकेटच्या आत हात घालून चाचपून पाहिलं. कोपरापर्यंत गेला.

पुढच्या रविवारी सकाळी सरावाला गेलो. आमची कोच साधारण मुलीच्याच वयाची, काटक पोरगी, मला काकू म्हणते. एका सोसायटीचा खोल तलाव तिने सकाळचा घेतलेला असतो. हे बरोबर आले, काठाच्या बाकावर थर्मास आणि माझी पिशवी घेऊन बसले. मी आतल्या खोलीत जॅकेट घातलं. सगळे पट्टे ओढले, तरी खांद्यावर कापड उभं राहिलेलं, काखेत झोळ.

आता काय करावं? माझ्या बांगडीला कायम सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात. आमच्या वयाच्या कुठल्याही बाईच्या बांगडीला बघा, असतातच. लग्नात कोणाचा पदर सुटला, प्रवासात बॅगेची चेन गेली, पहिली पिन निघते ती आमच्या हातातून. तर हात आपोआप तिकडे गेला. खांद्यावरचं कापड चिमटीत धरलं, निऱ्यांसारखं दुमडलं आणि दोन्हीकडे पिना लावून टाकल्या. वरून खांद्याचा पट्टा आला, पिना दिसेनात. आरशात पाहिलं तर बाई, काय छान बसलं होतं! स्वतःवरच खूश झाले.

कोचने पट्टे ओढून पाहिले, टाकी पाहिली. "काकू, थोडं मोठं वाटतंय का?"

"छे, बसलंय की."

मी आणि शिकायला आलेल्या आणखी एक बाई पाण्यात उतरलो. ती म्हणाली, जॅकेटात हवा भरा आणि इथेच तरंगत राहा, मी ह्या दुसऱ्या बाईंना घेऊन येते. मी हवा भरली. जॅकेट फुगलं, पण छातीवर काही आलं नाही. श्वासाची नळी तोंडातून सोडून मी मान मागे टाकली. जिंकले, असंच वाटलं मला.

मग डाव्या कानाच्या मागे आवाज यायला लागला. कुकरची रिंग जुनी झाली की वाफ कडेने निघते ना, तसा बारीक. मला वाटलं टाकीचा असेल. पाणी हनुवटीला लागलं. मी आणखी हवा भरली. वर आले, आणि जॅकेटही वर आलं, थेट गालांपर्यंत. दोन्हीकडून कापड तोंडाशी, मान वळेना. आणि त्या ताणाने काहीतरी टरकन फाटलं. बारीक आवाज होता तो आता भस्सकन यायला लागला.

हवा चालली होती. ती जातेय, हे मला ऐकू येत होतं आणि कुठून ते दिसत नव्हतं. बटण दाबत होते, तर भरत होतं त्याहून जास्त जात होतं. पाणी ओठाला लागलं. कोच त्या टोकाला, पाठमोरी. हाक मारायला तोंड उघडलं तर पाणीच आत आलं. तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं सांगू? कुकर बंद करायचा राहिलाय. खरंच. कुकर बंद होता, घरी कुलूप होतं, तरी तेच आलं. आणि पाणी डोळ्यांवरून गेलं.

त्याला बुडणं म्हणतात. मी तोपर्यंत फक्त ऐकलं होतं. निळ्या फरशा हळूहळू वर येतात, म्हणजे आपण खाली जात असतो. अंगात एकच गोष्ट उरते, वर जायचं, वर जायचं, आणि पाय कुठल्या कुठे झाडत असतात. छाती फुटेल असं वाटायला लागलं. मग उजवा हात आपोआप मागे गेला आणि गोल फिरवून पुढे आला. कोर्समध्ये आम्हाला ते इतक्यांदा करायला लावलं होतं, की मी कंटाळून तोंड वाकडं करायचे. श्वासाची नळी हाताला लागली. तोंडात घातली, आतलं पाणी जोराने फुंकून टाकलं, आणि ओढला श्वास.

आला. हवा आली.

खाली फरशीला पाय लागले आणि मी गुडघ्यांवर बसले. जॅकेट कानांभोवती, हात छातीशी आवळलेले. श्वास आत जात होता आणि बाहेर येत होता. थोड्याच वेळात कोच समोर आली, बोटांनी विचारलं, ठीक? मी पंजा आडवा हलवला, म्हणजे काही ठीक नाही. तिने माझे दोन्ही दंड धरले आणि आम्ही वर आलो.

काठावर बसवून तिने जॅकेट काढलं, खांद्याचा पट्टा उचलला आणि बघतच राहिली.

"काकू, हे काय आहे?"

"पिना."

"बीसीडीला?"

"सैल होतं गं."

ती खालीच बसली. चेहरा पांढरा पडला होता तिचा. पिनेच्या जागी बोटाच्या पेराएवढी चीर गेली होती. "मी पट्टा उचलून बघायला हवं होतं," असं ती दोनदा म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "पण हे बघायचं असतं, असं कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत हो!" आणि तिला हसू आलं की रडू, मला कळलं नाही.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे बाकावर नव्हते. पाण्यात उतरायच्या शिडीपाशी उभे होते, बूट घालूनच. एक बूट कोरडा होता. दुसऱ्यातून, पँटच्या घोट्यातून पाणी गळत होतं. ह्यांना पोहायला येत नाही.

"बूट कसा भिजला हो?"

"चहा सांडला," हे म्हणाले.

घरी आल्यावर मुलीला फोन केला. सांगितलं, मी येत नाही जानेवारीत. तू जा. ती रडवेली झाली, "आई, चूक माझीच, मी यायला हवं होतं दुकानात." मी म्हटलं, कोणाची चूक नाही, मला झेपत नाही. आणि खरंच झेपत नव्हतं. कुकरची वाफ निघाली की अंगावर काटा यायचा. डोक्यावरून पाणी घेताना डोळे मिटवत नसत. तलावाची बॅचही बंद केली. गुडघे पुन्हा बोलायला लागले.

एक दिवस सकाळी न्हाणीघरात खुडबुड ऐकू आली. बघते तर ह्यांनी कपडे भिजवायच्या टबात पाणी भरलंय, आणि त्यात ते जॅकेट तोंडाने फुगवून दाबून धरलंय. हे कारखान्यात होते तेव्हा आयुष्यभर सायकलने गेले, पंक्चर घरीच काढायचे.

"कशाला करताय आता हे?"

"बस इथे. बघ." पाण्यातून बुडबुड्यांची माळ वर येत होती. "हवा इथून गेली. आणि इथून. चार पिना, त्यातल्या एकीने फाडलं."

"मला माहीत आहे. मीच लावल्या होत्या."

"तुला काय माहीत आहे? तू खाली होतीस." हे माझ्याकडे न बघता बोलत होते. "तू खाली गेलीस, जॅकेटातली हवा संपली, आणि वर एकही बुडबुडा येईना. पाणी सपाट. मी पाय टाकला शिडीवर. पुढची पायरी दिसेना मला. आणि मग आले. मोठाले. मग थांबले. मग पुन्हा आले. थांबले, आले. म्हटलं, घेतेय. श्वास घेतेय ही."

पाण्यातले बुडबुडे संपत आले, तसं जॅकेट ह्यांच्या हाताखाली चपटं झालं.

"मला काही तू जावंस असं वाटत नाही," हे म्हणाले. "अजिबात वाटत नाही. पण जॅकेट फाटलं म्हणून जात नसशील, तर जॅकेट दुसरं घेऊ. हे मला होईल. स्कूटरवर थंडीत घालीन."

मग पुन्हा त्याच तळमजल्यावर गेलो, या वेळी कोचला बरोबर घेऊन. त्या गृहस्थांनी चीर पाहिली, पिनांची गोष्ट ऐकली. म्हणाले, "पहिल्यांदा आलात तेव्हा सांगायचं, शिवणकाम करणार आहात. सुई-दोराही दिला असता." मग माझ्या मापाचं ते पहिलं जॅकेट काढून ठेवलं. आणखी एक प्रकार दाखवला, त्यात हवा फक्त पाठीमागे भरते, छाती मोकळी राहते. मी आशेने हात घातले. पण कोच म्हणाली, "काकू, हे चांगलं आहे, फक्त पाण्यावर तरंगताना जरा पुढे ढकलतं. मागे रेलून राहायची सवय करावी लागते." पुढे म्हणजे तोंडावर! ते मी लगेच काढून ठेवलं. मग राहिलं तेच, अंगाला धरून बसणारं.

कोचने दुकानातल्या टाकीला ते जोडलं. "तुम्हीच भरा. नको वाटलं की थांबा."

मी बटण दाबलं. फुस्स. थांबले. श्वास घेतला. आणखी थोडं. कडा बरगड्यांना लागायला लागल्या. माझे तळवे ओले झाले. आणखी एकदा, आणि ते आलं, तेच मालवणचं, छातीवर बसलेलं.

"आता सोडा थोडी," ती म्हणाली. "दुसरं बटण."

दाबलं. सुटलं. छाती मोकळी झाली.

"एवढी हवा पुरते तरंगायला. मालवणला तुम्ही भीतीने भरतच गेलात. जॅकेट लहान नव्हतं हो ते."

मी तशीच उभी राहिले, दुकानाच्या मधोमध, साडीवर ते जॅकेट घालून. भरायची, सोडायची. भरायची, सोडायची. ते गृहस्थ कंटाळून म्हणाले, "बाई, टाकी संपली की तिचेही पैसे लावीन." तरी मी करतच राहिले. भीती गेली का? नाही. पण कुठपर्यंत भरलं की ती येते, ती जागा मला अंगठ्याने कळली.

त्यानंतरच्या रविवारी त्याच तलावावर गेलो. आतल्या खोलीत जायच्या आधी ह्यांनी हात पुढे केला.

"काय?"

"पिना."

मी बांगडीतल्या सगळ्या काढून दिल्या. ह्यांनी त्या एकेक करून स्वतःच्या शर्टाच्या खिशाला लावल्या, शाळेतल्या बिल्ल्यासारख्या. आणि बाकावर न बसता शिडीपाशी जाऊन उभे राहिले. चपला घालून आले होते, बूट नव्हते.

मी पाण्यात उतरले. जॅकेटने मला घट्ट धरलं होतं. तळवे पाण्यातही घामेजलेत असं वाटत होतं. कोच समोर होती, माझ्यावरून नजर हलवत नव्हती. मी श्वासाची नळी तोंडात घातली, जॅकेटाची नळी वर धरली, अंगठा दुसऱ्या बटणावर नेला. हनुवटी, ओठ, डोळे, एकेक करून सगळं पाण्याखाली गेलं, आणि या वेळी ते मी केलं होतं.

तळाशी गेले, गुडघे टेकले. दुखलं नाही. वर पाहिलं. पाण्याच्या पलीकडे ह्यांचा पांढरा शर्ट हलत होता, वाकडातिकडा होत होता. मी श्वास सोडला आणि माझे बुडबुडे त्यांच्याकडे निघाले. ते पोचेपर्यंत मी दुसरा घेतला नाही. मग घेतला, आणि सोडला, त्यांना दिसेल असा मोठा.